टोमॅटोच्या फळाचे बूड कुजणे

टोमॅटोच्या फळाचे बूड कुजणे ही टोमॅटोच्या फळात उद्भवणारी शरीरक्रियात्मक विकृती आहे. देठाच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे जेथून फुलाच्या पाकळ्या गळून पडतात त्या टोकास, फळाची साल प्रथम पाणीदार दिसते, मग तपकिरी होते आणि शेवटी काळी पडून चामड्यासारखी चिवट बनते व आत खचते. कृषिविषयक लेखनात ही विकृती ‘ब्लॉसम एंड रॉट’ या इंग्रजी नावानेही ओळखली जाते. बुरशी, जिवाणू, विषाणू किंवा कीड यांपैकी काहीही तिचे मूळ कारण नसते. त्यामुळे ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पसरत नाही. वेगाने वाढणाऱ्या कोवळ्या फळाच्या टोकापर्यंत पुरेसे कॅल्शियम न पोहोचणे हे तिचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. हे कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत उपलब्ध असते; ते फळापर्यंत वाहून नेणारा पाण्याचा प्रवाह मात्र अनियमित झालेला असतो. त्यामुळे प्रतिबंधाचा मुख्य भर औषधफवारणीपेक्षा पाण्याच्या नियोजनावर असतो.

महाराष्ट्रात टोमॅटोच्या व्यापारी लागवडीत तसेच परसबागेत व गच्चीवरील कुंड्यांत ही विकृती आढळते. पूर्व विदर्भातील गोंदिया जिल्ह्यासारख्या धानपट्ट्यात पावसाळ्यातील अतिरिक्त पाणी, धानाच्या बांधीतील कठीण थर आणि उन्हाळ्यातील तीव्र उष्णता या तिन्ही गोष्टी तिला अनुकूल ठरतात.

नाव

टोमॅटोला विदर्भात टमाटर असे म्हणतात. वऱ्हाडात व झाडीपट्टीत ‘भेदरे’ हा जुना शब्दही प्रचारात आहे. झाडावर लोंबणाऱ्या फळाचे फुलाकडील टोक जमिनीच्या दिशेने असते, म्हणून बोलीत या विकृतीचे वर्णन ‘बूड काळे पडणे’ किंवा ‘बुडाकडून सडणे’ असे केले जाते. ‘कुजणे’ किंवा ‘सडणे’ या शब्दांमुळे हा बुरशीजन्य रोग असावा असा समज होतो. प्रत्यक्षात आरंभीच्या अवस्थेत काळा भाग कोरडा व घट्ट असतो आणि त्याला दुर्गंधी नसते. त्यावर पुढे दिसणारी बुरशी मृत पेशीजालावर नंतर वाढलेली असते.

लक्षणे

फळ पूर्ण आकाराच्या सुमारे एक-तृतीयांश ते निम्मे झाले असता पहिले लक्षण दिसते. टोकाजवळ लहान, पाणी मुरल्यासारखा डाग पडतो. काही दिवसांत तो रुंदावतो, तपकिरी-काळा होतो व त्या ठिकाणी फळ चपटे दिसू लागते. तीव्र प्रकारात डाग फळाच्या निम्म्या भागापर्यंत पोहोचतो. काही फळांत सालीवर काहीही न दिसता आतील गर व बिया काळ्या पडतात. हा प्रकार फळ कापल्यावरच लक्षात येतो. बाधित फळे इतरांपेक्षा लवकर लाल होतात.

झाडाच्या पहिल्या एक-दोन घोसांतील फळांवर प्रादुर्भाव अधिक असतो. त्या वेळी पानांची वाढ जोमात असते व मुळांचा विस्तार तुलनेने कमी असतो. मुळे खोलवर गेल्यानंतर आणि पाणी नियमित झाल्यानंतर पुढील घोस बहुधा निरोगी येतात. पाने व खोड यांवर या विकृतीची कोणतीही खूण नसते. हिरवेगार, जोमदार झाड आणि त्यावर काळ्या बुडाची फळे हे तिचे नेहमीचे चित्र आहे.

कारणे

कॅल्शियमचा प्रवास

कॅल्शियम हे वनस्पतीच्या पेशीभित्तिकांना बळकटी देणारे व पेशीपटलांचे कार्य टिकवणारे मूलद्रव्य आहे. ते अपुरे पडल्यास पेशीपटले फुटतात, पेशीतील द्रव बाहेर झिरपतो आणि त्या जागी पाणीदार डाग दिसतो.

मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याबरोबर जलवाहिन्यांतून वर चढते. या प्रवाहाला पानांतील बाष्पोच्छ्वासामुळे ओढ मिळते, म्हणून ज्या अवयवातून अधिक पाणी उडून जाते त्याच्या वाट्याला अधिक कॅल्शियम येते. टोमॅटोच्या फळाच्या सालीवर पर्णरंध्रे नसतात व तिच्यावर मेणचट आवरण असते. फळातून फार थोडे पाणी उडते. फळ मुख्यतः रसवाहिन्यांतून येणाऱ्या शर्करायुक्त रसावर वाढते आणि या रसात कॅल्शियम अत्यल्प असते. परिणामी पानांच्या कोरड्या वजनात कॅल्शियम साधारणपणे २ ते ४ टक्के असले तरी फळात ते टक्क्याच्या एक-दोन दशांशांइतकेच असते. पानात एकदा स्थिरावलेले कॅल्शियम तेथून निघून फळाकडे जात नाही.

फळाच्या आतही देठाकडून टोकाकडे जलवाहिन्यांचे जाळे विरळ होत जाते. त्यामुळे सर्वांत शेवटी असलेल्या टोकाला सर्वांत कमी पुरवठा होतो आणि तुटवड्याचा पहिला फटका तेथेच बसतो. फलधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे या दृष्टीने निर्णायक असतात. या काळात फळ झपाट्याने वाढते व त्याची कॅल्शियमची गरज सर्वाधिक असते. डाग मात्र नंतर दिसतो. म्हणजे आज दिसणारा डाग हा मागील एक-दोन आठवड्यांत पडलेल्या ताणाचा परिणाम असतो.

पाणी

अनियमित पाणी हे परसबागेतील सर्वांत सामान्य कारण आहे. माती पूर्ण वाळू देणे व नंतर एकदम भरपूर पाणी देणे, अशा आलटून-पालटून पडणाऱ्या ताणात मुळांचे शोषण खंडित होते. उलट पाणी साचून राहिल्यास मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ओल्या मातीतही कॅल्शियमचे शोषण मंदावते. कडक ऊन व कोरडा वारा यांत बहुतेक पाणी पानांकडे ओढले जाते. फळ मागे पडते. क्षारयुक्त पाणी व क्षारयुक्त जमीन यांमुळेही मुळांना पाणी शोषणे अवघड होते.

खते

नत्राचा अतिरेक झाल्यास पालवी जोरात वाढते व कॅल्शियम पानांकडेच वळते. नत्र अमोनियमच्या रूपात असेल तर तो मुळांजवळ कॅल्शियमच्या शोषणाशी स्पर्धाही करतो. पालाश व मॅग्नेशियम यांचे प्रमाण फार वाढल्यासही अशीच स्पर्धा होते. नायट्रेट रूपातील नत्राचा असा दुष्परिणाम होत नाही.

जमीन व मुळे

टोमॅटोसाठी ६ ते ७ सामू असलेली जमीन योग्य मानली जाते. अतिआम्ल, हलक्या जमिनीत कॅल्शियमच मुळात कमी असू शकते. तथापि महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, जेथे कॅल्शियम विपुल असते, तेथेही ही विकृती आढळते. फळाच्या बुडाचा डाग हा मातीतील चुन्याच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. झाडाच्या बुंध्यालगत खोल खुरपणी केल्यास वरच्या थरातील बारीक मुळे तुटतात आणि शोषण आणखी घटते.

वाण

लांबट, अंडाकृती किंवा नाशपातीच्या आकाराच्या फळांच्या वाणांत ही विकृती अधिक दिसते. ‘रोमा’ हे याचे परिचित उदाहरण होय. मोठ्या फळांचे वाणही काही प्रमाणात संवेदनशील असतात. चेरी टोमॅटोत ती क्वचितच आढळते.

संशोधनाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या विकृतीची वर्णने प्रसिद्ध होऊ लागली. आरंभी तिचा संबंध बुरशी व जिवाणूंशी जोडला गेला, कारण काळ्या भागावर ते सहज सापडत. परंतु त्यांच्या संसर्गाने निरोगी फळात विकृती खात्रीने निर्माण करता येत नव्हती आणि पाण्याच्या ताणाशी असलेला तिचा संबंध वारंवार दिसून येत होता. १९४० च्या दशकात पोषकद्रावणात वाढवलेल्या झाडांवरील प्रयोगांतून कॅल्शियमचे महत्त्व पुढे आले व पुढे तेच प्रमुख स्पष्टीकरण ठरले.

अलीकडील काळात काही संशोधकांनी या स्पष्टीकरणावर आक्षेप घेतले आहेत. निरोगी व बाधित फळांतील कॅल्शियमचे एकूण प्रमाण काही प्रयोगांत सारखेच आढळल्याने उष्णता, क्षार व पाणी यांचा ताण हे मूळ कारण असून कॅल्शियमची कमतरता हा त्याचा परिणाम असावा, असे त्यांचे मत आहे. फळात कॅल्शियम किती आहे यापेक्षा ते पेशीच्या कोणत्या भागात आहे हे महत्त्वाचे असावे, असा विचारही मांडला गेला आहे. व्यवहारात दोन्ही मतांचा निष्कर्ष एकाच दिशेने जातो: झाडावर ताण येऊ न देणे.

गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश तलावांसाठी व धानासाठी प्रसिद्ध आहे. पाऊस मुबलक असला तरी त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. घरामागील सांदवाडीत वांगी, मिरची, वाल यांच्याबरोबर टोमॅटोची काही झाडे लावण्याची पद्धत गावोगावी आहे. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजेच ‘उमेद’च्या, पोषण परसबाग उपक्रमातही टोमॅटोचा समावेश असतो. अशा बागेत दहा-बारा झाडेच असतात. पहिले दोन घोस वाया गेले तर कुटुंबाच्या भाजीतील मोठा वाटा जातो.

भंडारा-गोंदिया भागात जमिनींची पारंपरिक नावे त्यांच्या पोतावरून पडली आहेत. कन्हार ही भारी काळी जमीन असून ती पाणी धरते, परंतु वाळल्यावर तिला भेगा पडतात व बारीक मुळे तुटतात. सिहार ही पिवळसर, वाळूमिश्रित जमीन धानासाठी वापरली जाते. बर्डी ही तांबूस, मुरमाड जमीन लवकर कोरडी होते. तिच्यात पाणी थोडे पण वारंवार द्यावे लागते. मोरांड ही या दोन टोकांच्या मधली जमीन आहे.

धानानंतर त्याच बांधीत टोमॅटो लावल्यास वेगळी अडचण येते. रोवणीपूर्वीच्या चिखलणीमुळे नांगरटीच्या खाली कठीण थर तयार झालेला असतो. मुळे या थरावर अडतात व उथळ राहतात. वरचा थर वाळताच झाडाला ताण बसतो आणि पाणी जास्त झाल्यास ते त्याच थरावर साचते. हा थर फोडणे किंवा त्यावर उंच गादीवाफे करणे आवश्यक ठरते.

हंगामानुसार धोक्याचे स्वरूप बदलते. पावसाळ्यात अनेक दिवसांच्या झडीनंतर अचानक कडक ऊन पडले, तर पाण्याने गुदमरलेली मुळे पानांची मागणी पुरवू शकत नाहीत. हिवाळी लागवडीत आरंभी ओल पुरेशी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढते आणि विहीर, बोडी व तलाव यांचे पाणी खालावते, तेव्हा ऐन फलधारणेत ताण पडतो. उन्हाळी पिकाला उष्णता व कोरडा वारा यांचा सतत सामना करावा लागतो.

प्रतिबंध

लागवडीपूर्वी

• मातीची तपासणी करून घ्यावी. कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळा व कृषी विज्ञान केंद्रे येथे ही सोय असते; गोंदिया जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र हिवरा येथे आहे.
• सामू ६ पेक्षा बराच कमी आढळल्यास तपासणी अहवालानुसार शेतीचा चुना लागवडीच्या काही आठवडे आधी मातीत मिसळावा. सामू योग्य असून कॅल्शियम कमी असल्यास जिप्सम वापरावे. त्याने सामूत फारसा बदल होत नाही.
• चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. त्यामुळे हलकी जमीन पाणी धरून ठेवते व भारी जमिनीचा निचरा सुधारतो. ताजे शेण वापरू नये. त्यातून अमोनियम मुक्त होतो.
• पाणी साचणाऱ्या जागी १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत.
• कुंडीत लागवड करताना एका झाडास सुमारे १५ ते २० लिटर माती मावेल असे, तळाला छिद्रे असलेले भांडे घ्यावे. लहान कुंडी उन्हाळ्यात एका दिवसात कोरडी पडते.

पाणी व आच्छादन

• माती सतत ओलसर राहील, परंतु चिखल होणार नाही, असे पाणी द्यावे. बोटभर खोल माती उकरून ओल तपासणे हा सोपा उपाय आहे.
• पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे. ठिबक संच नसल्यास तळाला बारीक छिद्र पाडलेले मडके झाडाजवळ पुरून ते भरत राहिल्यास ओल एकसारखी टिकते.
• झाडाभोवती ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे. धानाचे तणस हे गोंदिया परिसरात सहज मिळणारे उत्तम आच्छादन आहे. ते बुंध्याला चिकटू देऊ नये. पावसाळ्यात आच्छादनाचा थर पातळ ठेवावा.
• एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून हिरवी जाळी किंवा मांडवाची सावली द्यावी.

खत व मशागत

• युरियाचा मोठा हप्ता एकाच वेळी देऊ नये. फलधारणेच्या काळात नत्र लहान हप्त्यांत द्यावा.
• चुलीच्या लाकडाच्या राखेत कॅल्शियम असते, तसेच पालाशही असतो. ती दर आठवड्याला झाडाशी टाकण्याची सवय टाळावी.
• खुरपणी उथळ करावी. तण लहान असतानाच काढावे.
• पानांची थोडीफार छाटणी चालते. मात्र एकाच वेळी बरीच पाने काढल्यास फळे उन्हाने भाजतात.

उपचार

काळे पडलेले फळ पुन्हा बरे होत नाही. अशी फळे तोडून टाकावीत, म्हणजे झाडाचे पाणी व अन्न उरलेल्या फळांना मिळते. झाड उपटण्याची आवश्यकता नसते. पाण्याचे वेळापत्रक सुधारल्यानंतर आधीच वाढलेल्या फळांवर आणखी काही दिवस डाग दिसू शकतात. सुधारणेचा परिणाम नव्याने धरलेल्या फळांवरून तपासावा.

व्यापारी लागवडीत ०.५ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या, म्हणजे १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम या प्रमाणातील, द्रावणाची फवारणी केली जाते. कॅल्शियम नायट्रेटही फवारणीसाठी वापरले जाते. पानांवर पडलेले कॅल्शियम फळात जात नसल्याने द्रावण कोवळ्या फळांवर पडणे आवश्यक असते. त्यामुळे या उपायाचे यश मर्यादित व अनिश्चित राहते. कडक उन्हात किंवा अधिक प्रमाणात फवारल्यास पानांच्या कडा करपतात, म्हणून फवारणी सायंकाळी करावी. पाण्याची अनियमितता कायम असताना केवळ फवारणीने प्रश्न सुटत नाही.

बुरशीनाशक किंवा कीटकनाशक यांचा या विकृतीवर परिणाम होत नाही. घरच्या खाण्यातील भाजीवर, तोडणीच्या तोंडावर, अशी फवारणी केल्यास खर्च वाया जातो आणि रसायनांचे अवशेष मात्र फळावर राहतात.

बाधित फळाचा काळा भाग कापून काढल्यावर उरलेला घट्ट, बुरशी नसलेला भाग खाण्यास योग्य असतो. फळ मऊ पडले असल्यास, आत बुरशी दिसत असल्यास किंवा वास येत असल्यास ते खाऊ नये. ते कंपोस्ट खड्ड्यात टाकता येते.

प्रचलित घरगुती उपाय

• अंड्याची टरफले: यांत कॅल्शियम कार्बोनेट असते, पण ते मातीत फार सावकाश विरघळते. चालू हंगामातील फळांना त्याचा उपयोग होत नाही.
• चुन्याची निवळी: खाण्याचा चुना पाण्यात अल्प प्रमाणात, १ लिटरमध्ये जेमतेम दीड ग्रॅम, विरघळतो. आम्ल मातीत निवळीचा काही उपयोग संभवतो. चुनखडीयुक्त मातीत ती वारंवार दिल्यास सामू वाढून लोहाची कमतरता उद्भवू शकते. दाट चुना बुंध्याशी टाकल्यास मुळे भाजतात.
• एप्सम सॉल्ट: हे मॅग्नेशियम सल्फेट आहे. त्यात कॅल्शियम नसते. जादा मॅग्नेशियममुळे कॅल्शियमचे शोषण उलट घटू शकते.
• दूध किंवा ताक: यांतून मिळणारे कॅल्शियम फारच थोडे असते.

इतर विकारांपासून वेगळेपण

योग्य उपाय ठरवण्यासाठी पुढील विकारांपासून ही विकृती वेगळी ओळखणे आवश्यक असते.

• उशिरा येणारा करपा: पाने व खोडावरही काळपट चट्टे पडतात, फळावरील डाग बहुधा देठाकडे किंवा बाजूला असतो. हा रोग वेगाने पसरतो.
• फळसड: पावसाळ्यात मातीला टेकलेल्या फळांवर तपकिरी वर्तुळाकार कडी दिसतात. झाडांना आधार दिल्याने ती कमी होते.
• फळ पोखरणारी अळी: फळावर गोल छिद्र असते व आत विष्ठा आढळते.
• उन्हाने भाजणे: सूर्याकडील बाजूस पांढरट, कागदासारखा डाग पडतो.
• विषाणूजन्य रोग: फळावर पिवळे-लाल असमान पट्टे दिसतात व पाने आकसतात. २०२० च्या उन्हाळ्यात अहमदनगर, पुणे व नाशिक भागांतील टोमॅटोत अशी विकृत रंगाची फळे मोठ्या प्रमाणावर आढळली होती आणि ‘तिरंगा’ या नावाने ती चर्चेत आली होती. त्या प्रकाराचा बुडाच्या काळ्या डागाशी संबंध नाही.

इतर पिकांत

हीच विकृती ढोबळी मिरची, मिरची, वांगी व कलिंगड यांच्या फळांतही आढळते. मिरचीत डाग टोकाऐवजी टोकाजवळच्या बाजूस पडतो, त्यामुळे तो उन्हाने भाजल्यासारखा वाटतो. दुधी व इतर वेलवर्गीय भाज्यांची कोवळी फळे टोकाकडून पिवळी पडून सुकतात, तेव्हा बहुधा अपुरे परागीभवन हे कारण असते. मधमाश्यांचा वावर कमी असल्यास हाताने परागीभवन करून त्याची खात्री करता येते.